कमी दिसणारं मूल वर्गात आलं, तर: नव्या शिक्षकांसाठी सहाय्यक साधनांची सुरुवात

जून उजाडतो, पटावर नवं नाव चढतं आणि शेऱ्याच्या रकान्यात 'अल्पदृष्टी' एवढा एकच शब्द असतो. डी.एड.ला असताना समावेशित शिक्षणावर लिहिलेली पाच गुणांची टीप आठवते, पण तिचा वर्गात काही उपयोग होत नाही. मग हात आपसूक मोबाईलकडे जातो. कुठलं ॲप घ्यावं, कुठलं यंत्र मागवावं, देणगी कोण देईल?

मीही तेच केलं होतं. माझ्या पाचवीत अल्बिनिझम, म्हणजे जन्मतःच रंगद्रव्य कमी असलेली एक मुलगी आली. केस आणि पापण्या पांढुरक्या, बुबुळं सतत हलती, उजेडात डोळे बारीक. दुसऱ्याच दिवशी मी तालुक्याला जाऊन मराठीच्या पुस्तकाचे चार धडे ए-थ्री कागदावर मोठे करून आणले. तिनं पान उलगडलं तर ते बाकावर मावेना. ओळीच्या टोकापर्यंत मान न्यायची आणि परत येताना ओळच हरवायची. दोन दिवसांनी ती पुन्हा साधं पुस्तक नाकाला लावून वाचू लागली. माझे कागद तिच्या आईनं घरी फडताळात अंथरले, हे मला दिवाळीनंतर कळलं.

म्हणून या लेखात यंत्र उशिरा येतं. नव्यानं रुजू झालेल्या, मराठी माध्यमाच्या साध्या शाळेत शिकवणाऱ्या आणि फारसा निधी हाताशी नसलेल्या शिक्षकांसाठी हे लिहितोय. भर दृष्टीवर आहे, कारण माझा अनुभव तिथला जास्त आहे. ऐकणं, लिहिणं आणि बोलणं यांच्या अडचणींवर पुढे थोडक्यात येईन.

पहिला आठवडा: फक्त बघा

एक चाळीस पानी वही घ्या. रोज दोन-तीन ओळी पुरतात, पण त्या नेमक्या हव्यात. 'तिला नीट दिसत नाही' असं लिहिलं तर त्यातून काही हाती लागत नाही. 'तिसऱ्या तासाला फळ्यावरची बेरीज उतरवताना थांबली, शेजारणीच्या वहीतून उतरवली' असं लिहा.

बघायचं काय? फळ्यावरचं अक्षर किती पावलांवरून वाचता येतं, ते पावलं मोजून लिहा. पुस्तक डोळ्यांपासून किती बोटांवर धरते? सकाळी आणि दुपारी फरक पडतो का? खिडकीसमोर बसल्यावर डोळे मिटते का? डोकं एका बाजूला कलतं करून बघते का? बुबुळं हलणारी काही मुलं अशी मान वळवतात, कारण त्या कोनात बुबुळ जरा शांत राहतं. 'सरळ बस' म्हणून ती मान सरळ करायला लावू नका. पुस्तक नाकाला लावलं तरी हरकत नाही. जवळून वाचल्यानं नजर आणखी बिघडते हा समज अजून शिक्षकांच्या खोलीतही ऐकू येतो. अल्पदृष्टीच्या मुलाला अक्षर जवळ आणल्यामुळेच मोठं दिसत असतं.

शनिवारी वही उघडा आणि एकच काम निवडा. 'वाचन' हे काम फार मोठं झालं. 'फळ्यावरचं वहीत उतरवणं' किंवा 'मराठीचा धडा स्वतः वाचणं' असं लहान काम घ्या. माझ्या वहीत आठवड्यातल्या अकरा नोंदींपैकी सात फळ्याच्या होत्या, आणि मी पैसे घातले होते पुस्तकावर.

दुसरी पायरी: पैसे न लागणारी साधनं

सहाय्यक तंत्रज्ञान म्हटलं की बटणं आणि बॅटरी डोळ्यांसमोर येतात. पण काळ्या पुठ्ठ्याचा तुकडाही त्यातच मोडतो. पोस्टकार्डाएवढा काळा, चकाकी नसलेला पुठ्ठा घ्या आणि मधोमध एका ओळीपुरती लांबट खाच कापा. पानावर ठेवला की फक्त एक ओळ दिसते, आजूबाजूचा पांढरा कागद झाकला जातो, चमक कमी होते आणि ओळ चुकत नाही. माझ्या मुलीला ए-थ्रीनं जे दिलं नाही ते या पुठ्ठ्यानं दिलं. एक खाच पुस्तकासाठी आणि जरा रुंद खाच वहीसाठी, असे दोन पुठ्ठे करा. आणखी दोन जास्तीचे करून ठेवा, कारण ते हरवतात.

मग बैठक बघा. मान वाकवून वाचणारं मूल अर्ध्या तासात दमतं. घरातला लाकडी पाट बाकावर ठेवून मागच्या बाजूला दोन जाड पुस्तकांचा टेकू दिला की तिरकं मेज तयार होतं. पुस्तक घसरू नये म्हणून खालच्या कडेला एक पट्टी ठोका. खिडकी मुलाच्या पाठीमागे किंवा बाजूला हवी, समोर नको. अल्बिनिझमच्या मुलांना उजेड टोचतो. वर्गातसुद्धा टोपी घालायची परवानगी द्या आणि ती कशासाठी, हे मुख्याध्यापकांना आधीच सांगून ठेवा.

वहीच्या ओळी फिकट निळ्या असतात, त्या या मुलांना दिसतच नाहीत. काळ्या स्केचपेननं एक ओळ सोडून एक ओळ गडद करून द्या. शिसपेन्सिलीऐवजी काळं जेल पेन द्या. फळा चकाकत असेल तर त्याला साधा काळा रंग मारून घ्या. रंगीत खडू हौसेला ठीक, पण हिरव्या फळ्यावरचा लाल खडू तिच्यासाठी नसल्यासारखाच आहे. आणि लिहिताना मोठ्यानं बोला. 'इथे बघा, हे यात मिळवलं' असं न म्हणता 'सत्तावीसमध्ये पंधरा मिळवले' असं म्हणा. ही सवय लागायला मला एक सत्र लागलं.

तिसरी पायरी: मोबाईल

आता यंत्र. महागडा टॅब नको. घरात कुणाचा तरी जुना अँड्रॉइड फोन असतो, त्यानं भागतं. फोनची तीन कामं सांगतो.

पहिलं, फळा. फळा भरला की मुलीनं त्याचा फोटो काढायचा आणि बाकावर बसून बोटांनी मोठा करून उतरवायचा. बस. यासाठी वेगळं ॲप लागत नाही. ती उतरवून होईपर्यंत फळा पुसायला तुम्हाला थांबावं लागत नाही, हा तुमचाही फायदा. फोटो सावलीच्या बाजूनं काढायला शिकवा, नाहीतर चकाकीचा पट्टा नेमका उत्तरावर येतो.

दुसरं, पडदा मोठा करणं. सेटिंग्जमध्ये ॲक्सेसिबिलिटी नावाचा विभाग असतो. फोन मराठीत लावला असेल तर त्या जागी 'प्रवेशयोग्यता' किंवा तत्सम शब्द दिसतो. त्यात मॅग्निफिकेशन चालू करा. मग एका खुणेनं सगळा पडदा मोठा होतो आणि दोन बोटांनी सरकवता येतो. तिथेच रंग उलटे करायची सोय असते, काळ्यावर पांढरी अक्षरं. अल्बिनिझमच्या अनेक मुलांना ती आवडतात, पण सगळ्यांना नाही. मुलीला दोन्ही दाखवा, ती ठरवेल. आपण ठरवू नये.

तिसरं, फोनला बोलतं करणं. यात दोन प्रकार आहेत आणि नवखे शिक्षक त्यांची हमखास गल्लत करतात. 'सिलेक्ट टु स्पीक' हे थोडं दिसणाऱ्या मुलासाठी आहे: बटण दाबायचं, परिच्छेदावर बोट ठेवायचं, फोन तेवढं वाचतो. 'टॉकबॅक' हे अजिबात न दिसणाऱ्यासाठी आहे, आणि ते चालू झालं की फोनची सगळी चालच बदलते. एकदा टेकवलं तर बोटाखाली काय आहे ते फोन सांगतो, दोनदा टेकवलं तर ते उघडतो, आणि वर-खाली सरकवायला दोन बोटं लागतात. पहिल्यांदा चालू केलं तेव्हा मला ते बंदच करता येईना. केंद्रप्रमुखांचा फोन आला तोही उचलता आला नाही. म्हणून आधी शॉर्टकट लावून ठेवा. मग आवाजाची दोन्ही बटणं तीन सेकंद एकत्र दाबली की टॉकबॅक चालू-बंद होतो. मुलाला शिकवण्याआधी स्वतः डोळे मिटून एक संध्याकाळ टॉकबॅकवर घालवा. किमान एक फोन लावता आला पाहिजे.

या दोन्हींसाठी मराठी आवाज लागतो. सेटिंग्जमध्ये 'टेक्स्ट-टु-स्पीच' शोधा, गूगलचं इंजिन निवडा आणि मराठीचा आवाज उतरवून घ्या. हे वाय-फाय किंवा चांगली रेंज असलेल्या ठिकाणी करा. एकदा उतरवला की तो नेटशिवाय बोलतो. मराठीऐवजी हिंदी आवाज निवडला गेला तर तो मराठी मजकूरही हिंदी हेल काढून वाचतो आणि 'ळ'पाशी अडखळतो. मुलं हसतात, पण ज्याला त्यावर अभ्यास करायचाय ते कंटाळतं.

वेग सुरुवातीला कमी ठेवा. सरावलेली मुलं महिन्याभरात तो इतका वाढवतात की आपल्याला एक शब्द कळत नाही. वाढवू द्या.

चौथी पायरी: धडा फोनमध्ये आणणं

खरी मेहनत इथे आहे. फोन बोलायला लागला, पण त्यानं वाचायचं काय?

बालभारतीची पाठ्यपुस्तकं पीडीएफ रूपात मिळतात. पण मराठीतल्या कुठल्याही पीडीएफची आधी एक परीक्षा घ्या: त्यातली एक ओळ कॉपी करा आणि स्वतःलाच व्हॉट्सॲपवर पाठवा. ओळ जशीच्या तशी मराठीत उमटली तर फोन ती वाचणार. इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा काला उमटला तर ते पुस्तक युनिकोडपूर्व (सगळ्या यंत्रांना कळणारी अक्षरांची सामाईक पद्धत येण्याआधीच्या) काळातल्या फॉण्टमध्ये जुळवलेलं आहे. आपल्या डोळ्यांना तो 'क' दिसतो, पण यंत्राला तिथे दुसरंच अक्षर दिसतं. मराठी छपाईत असे फॉण्ट वर्षानुवर्षं वापरले गेले, आजही वापरले जातात. प्रश्नपत्रिका तयार करणाऱ्यांनाही हे सांगत राहावं लागतं.

अशा वेळी गूगल लेन्स हे कॅमेऱ्यातून छापील मजकूर ओळखणारं ॲप उघडा, पानावर धरा, मजकूर निवडा, कॉपी करा. छापील मराठी तो बऱ्यापैकी ओळखतो. हस्ताक्षरावर भरवसा ठेवू नका. दोन स्तंभांत छापलेलं पान, चौकटीतला मजकूर, तक्ता आणि कविता यांत तो ओळी एकमेकांत मिसळतो. म्हणून तुमची नजर एकदा त्यावरून फिरलीच पाहिजे. एका धड्याला मला सुरुवातीला पाऊण तास लागायचा, आता पंधरा मिनिटं लागतात. सातवी-आठवीच्या दोन हुशार मुलांना हे काम शिकवा. त्यांचंही शुद्धलेखन सुधारतं, हे माझ्या डोळ्यांदेखत घडलं आहे.

मजकूर साफ करताना काही गोष्टी बदलून लिहा. अपूर्णांक तिरकी रेघ देऊन लिहिलात तर यंत्र त्याची तारीखही करू शकतं. तिथे अक्षरांत 'तीन छेद चार' लिहा. 'इ. स.', 'कि.मी.' अशी संक्षिप्त रूपं पूर्ण लिहा. चित्र आलं की कंसात एक ओळ घाला: 'चित्रात एक मुलगा विहिरीच्या काठावर बसला आहे, हातात पोहरा आहे.' धड्याखालच्या प्रश्नांपैकी दोन तरी चित्रावर असतात, आणि ते नेमके सोडून द्यावे लागतात ते याच कारणानं.

पुस्तकाची अशी प्रत करणं गुन्हा तर नाही ना, हा प्रश्न मला एका पालकानं विचारला होता. २०१२ साली कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली. अपंग व्यक्तीला वाचता यावं म्हणून पुस्तक सुलभ रूपात करून देणं आता उल्लंघन ठरत नाही, मात्र ते धंद्यासाठी नको. तयार पुस्तकं हवी असतील तर 'सुगम्य पुस्तकालय' हे ऑनलाइन ग्रंथालय २०१६पासून सुरू आहे. छापील मजकूर वाचू न शकणाऱ्यांनाच त्याचं सभासदत्व मिळतं.

नेट नाही, लेन्स चालत नाही, वेळही नाही? मग धडा स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड करा. यंत्राच्या आवाजापेक्षा बाईंचा आवाज मुलांना जास्त आवडतो. प्रत्येक पान उलटताना पानाचा क्रमांक बोला.

ब्रेलला पर्याय नाही

हे जरा ठासून सांगतो. मुलाला अजिबात दिसत नसेल तर सगळं फोनवर ऐकवून भागेल असा एक सूर हल्ली निघतो. भागत नाही. ऐकून 'दिन' आणि 'दीन' यांतला फरक कळत नाही. दहावीपर्यंत नुसतं ऐकत आलेल्या मुलाला स्वतःचं नाव कसं लिहितात हे माहीत नसतं, अशी मुलं मी पाहिली आहेत.

भारती ब्रेल ही आपल्या भाषांसाठीची पद्धत १९५१ सालची आहे. प्रत्येक अक्षराच्या घरात सहा ठिपके: डावीकडे वरून खाली १, २, ३ आणि उजवीकडे ४, ५, ६. 'क' म्हणजे १ आणि ३. 'म' म्हणजे १, ३, ४. 'ल' म्हणजे १, २, ३. व्यंजनातला 'अ' वेगळा लिहावा लागत नाही, म्हणून 'कमल' तीन घरांत मावतं. ऱ्हस्व वेलांटी म्हणजे २ आणि ४, दीर्घ म्हणजे ३ आणि ५. गंमत अशी की छापील देवनागरीत ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी काढतात, ब्रेलमध्ये ती उच्चाराप्रमाणे नंतर येते. डोळ्यांनी शिकलेल्या शिक्षकाची इथे हटकून चूक होते, मुलाची होत नाही.

ब्रेल पाटीवर स्टायलसनं, म्हणजे टोच्यानं, टोचताना उजवीकडून डावीकडे लिहायचं आणि वाचताना कागद उलटायचा, कारण ठिपके मागच्या बाजूला उठतात. म्हणजे लिहिताना सगळं आरशातलं. हे शिकवायला विशेष शिक्षक लागतो, पण तुम्हाला अक्षरओळख तरी हवी. गठ्ठ्यातल्या वह्या तपासताना एक वही तशीच बाजूला ठेवावी लागली, तर मूल ते लक्षात ठेवतं.

गणितासाठी टेलर फ्रेम मिळते. तिच्या प्रत्येक भोकात खिळा आठ दिशांना बसतो आणि खिळ्याची दोन्ही टोकं वेगळी असतात, म्हणजे सोळा खुणा होतात. दहा अंक आणि चार क्रिया त्यात आरामात बसतात. उभ्या मांडणीची बेरीज बोटांनी करता येते. फोनवर ती करता येत नाही.

संगणकाचं म्हणाल तर शाळेत विंडोजचा एखादा चालता संगणक असेल तर एनव्हीडीए हे पडदावाचक, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर, फुकट उतरवता येतं आणि त्यात मराठीही आहे. आवाज यंत्रमानवासारखा आहे, सवय होते. माझं मत असं की सहावी-सातवीच्या आधी घाई करू नये. आधी ब्रेल पक्कं होऊ द्या.

कागदपत्रं आणि कपाटातली साधनं

२०१६च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात २१ प्रकार आहेत. अल्पदृष्टी आणि अध्ययन अक्षमताही त्यांत आहेत. बहुतेक सवलतींसाठी चाळीस टक्क्यांची अट असते. प्रमाणपत्रासाठी आणि युडीआयडी या दिव्यांगांच्या ओळखपत्रासाठी स्वावलंबन पोर्टलवर नोंदणी करावी लागते, तपासणी शासकीय रुग्णालयात होते. पालक मजूर असतील तर त्यांचा दिवस बुडतो. नोंदणी तुम्ही शाळेतून करून द्या आणि कोणत्या दिवशी कोणता डॉक्टर बसतो ते फोनवर विचारून मगच त्यांना पाठवा. आमचे एक पालक दोनदा रिकाम्या हातानं परत आले होते. तिसऱ्यांदा जायला तयारच होईनात.

पुढचा माणूस म्हणजे गटसाधन केंद्रातला समावेशित शिक्षणाचा विशेष शिक्षक. त्याच्याकडे बऱ्याच शाळा असतात, म्हणून 'केव्हा येताय' असं मोघम विचारू नका. तुमची आठवड्याची वही त्याला दाखवा. नेमकी नोंद हातात असली की शिफारसही नेमकी होते. समग्र शिक्षेत दर मुलामागे वर्षाला ३५०० रुपयांची तरतूद असते, तिच्यातून काय येणार आहे तेही त्यालाच विचारा. दिव्यांगांना साधनं देणाऱ्या केंद्राच्या एडिप योजनेतून मोजमाप शिबिरं होतात. तिथली साधनं बहुधा कानपूरच्या अलिम्को या १९७२ सालच्या सरकारी कारखान्यातून येतात. आज मोजमाप झालं तर वाटप काही महिन्यांनी होतं, हे पालकांना आधीच सांगा.

वाटपात आलेली वस्तू घरी जाते आणि ट्रंकेत राहते. खराब होईल ही भीती असते. एका घरी भिंग अजून प्लॅस्टिकच्या पिशवीत होतं आणि मूल पुस्तक नाकाला लावून वाचत होतं. साधन शाळेत ठेवायचं की घरी, कोण आणणार, काच कशानं पुसायची, तुटलं तर काय, हे वाटपाच्याच दिवशी आई-वडिलांशी बसून ठरवा. 'तुटलं तरी चालेल, पण वापरा' हे तुम्ही स्वतः म्हणावं लागतं.

काळ्या पुठ्ठ्याला प्रमाणपत्र लागत नाही, हे मात्र विसरू नका. कागद येईपर्यंत मदत थांबवायचं कारण नाही.

'तिला मोबाईल, मग आमच्या पोराला का नाही?'

हे येणारच. माझ्याकडे तिसऱ्या दिवशी आलं. मी त्या पालकांना शाळेत बोलावलं, फोनवर टॉकबॅक चालू केला, पडदा काळा करून ठेवला आणि म्हटलं, यावर गेम लावून दाखवा. पाच मिनिटांत फोन परत आला. वर्गातल्या मुलांनाही असंच एकदा हाताळू द्या, नवलाई लवकर ओसरते. फोन बाईंच्या टेबलावर, तासापुरता बाकावर, हेडफोन एका कानात, असे तीन नियम पुरतात. दोन्ही कान बंद केले तर तुमचं बोलणं ऐकायचं राहतं.

शेजारी बसणारी मुलगी दर महिन्याला बदला. सतत एकच मैत्रीण उतरवून देत असेल तर दोघींचंही नुकसान होतं.

ऐकू कमी येत असेल तर

श्रवणयंत्र लावलं म्हणजे ऐकू आलं असं नसतं. रोज सकाळी एक मिनिटाची चाचणी करा. मुलाच्या मागे किंवा तोंडापुढे वही धरून उभे राहा आणि एकेक आवाज काढा: आ, ऊ, ई, श, स, म. मुलानं तो परत म्हणायचा. 'श' आणि 'स' गेले तर बॅटरी उतरली असेल किंवा कानात बसणाऱ्या साच्याच्या नळीत मळ असेल. काहीच आलं नाही तर यंत्र बंद आहे, आणि काल दुपारपासूनही ते बंद असू शकतं. लहान मूल ते सांगत नाही.

गोल बॅटरीवरचं स्टिकर काढल्यावर एक मिनिट थांबून मग ती बसवा, हवा लागल्यावरच ती चालू होते. स्टिकर परत चिकटवून ती वाचत नाही. यंत्र शिट्टी मारत असेल तर बहुधा कानाचा साचा लहान झाला आहे. मूल वाढतं, कान वाढतो, साचा तोच राहतो. पावसाळ्यात रात्री यंत्र सिलिका जेलच्या पुड्यांसोबत घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवायला सांगा. कानात तेल घालणं बंद.

तुम्ही फळ्याकडे तोंड करून बोललात की यंत्राचा निम्मा उपयोग जातो. बाकांच्या पायांना जुन्या सायकल ट्यूबचे तुकडे लावले तर घासण्याचा आवाज कमी होतो. मोठ्या, वाचता येणाऱ्या मुलांसाठी गूगलचं लाइव्ह ट्रान्सक्राइब मराठीतलं बोलणं अक्षरांत उमटवतं. फोन तुमच्या जवळ हवा आणि वर्ग शांत हवा. गोंगाटात ते भलतंच लिहितं.

लिहिता किंवा बोलता येत नसेल तर

अध्ययन अक्षमता असलेल्या मुलाला तोच बोलता फोन उपयोगी पडतो, फक्त पद्धत वेगळी: पुस्तक उघडं ठेवायचं, आवाज हळू वाचेल आणि मुलाचं बोट त्या त्या शब्दाखाली चालेल. उत्तरं लिहिण्याऐवजी जीबोर्ड या गूगलच्या कीबोर्डच्या माइकवर मराठीत बोलून टंकू द्या, मग दुरुस्त्या त्यालाच करू द्या. सेरेब्रल पाल्सीच्या (मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर ताबा नसलेल्या) मुलाच्या पेन्सिलीला स्पंज गुंडाळा. कागद सरकू नये म्हणून खाली रबरी चटईचा तुकडा ठेवा.

न बोलणाऱ्या मुलासाठी आधी कागदी तक्ता करा, सहा चित्रांचा. त्यात 'सफरचंद' आणि 'फुगा' नकोत. 'शू लागली', 'नको', 'पुरे', 'माझी पाळी', 'दुखतंय' आणि 'पुन्हा' हवेत. चित्राखालचा शब्द त्याच्या घरच्या बोलीतला असू द्या. घरी अहिराणी बोलत असतील तर अहिराणीतला. तक्त्याकडे बोट जायला लागलं की आयआयटी मुंबईत तयार झालेलं जेलो हे फुकट ॲप बघा, बटण दाबल्यावर ते बोलतं. फोनची बॅटरी संपते, म्हणून कागदी तक्ता दप्तरात राहू द्या.

परीक्षा आणि दर सत्राची फेरतपासणी

प्रश्नपत्रिका अठरा ते चोवीस आकाराच्या ठळक अक्षरात, एका बाजूला छापलेली, साध्या ए-फोर कागदावर. आकार मुलालाच निवडू द्या. दहावीला ताशी वीस मिनिटं जादा वेळ आणि लेखनिकाची सोय आहे, पण तिचा सराव पाचवीपासून हवा. लेखनिकाला उत्तर सांगणं हे वेगळं कौशल्य आहे: वाक्य मनात पूर्ण जुळवायचं, विरामचिन्ह सांगायचं, मागचं वाक्य परत वाचून घ्यायचं. घटक चाचणीला लेखनिक म्हणून मोठ्या वर्गातलं मूल बसवून बघा.

सत्र संपलं की पहिल्या आठवड्याची वही पुन्हा काढा. ते ठरवलेलं एक काम आता जमतंय का? जमत असेल तर दुसरं काम घ्या. जमत नसेल तर साधन बदला, मुलाला दोष देऊ नका. माझी ती मुलगी आता सातवीत आहे. फळ्याचा फोटो काढणं तिनं सोडून दिलं. म्हणते, वर्गात कितीजण चुकीचं उतरवतात, मी शाळा सुटताना सर्वांत नीट वहीचा फोटो काढते. पुठ्ठा अजून वापरते. तो आता तिसरा आहे, आणि त्याची खाच तिनं स्वतः, माझ्यापेक्षा सरळ कापली आहे.